हौशी रेसिंगसाठी ब्रेक पॅड: पकड बघून घ्यायचे की तापमान बघून?

तिसरा_गिअर:

हौशी गटात धावणाऱ्या गाडीला नवीन ब्रेक पॅड घ्यायचे आहेत. कॅटलॉग वाचून वाचून डोकं गरगरायला लागलंय, म्हणून इथे विचारतो. आधी गाडीची कुंडली.

फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, चालक धरून ११५० किलो. पुढे २८० मिमीच्या व्हेंटिलेटेड डिस्क आणि एका पिस्टनचा सरकता कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा). मागे साध्या भरीव डिस्क. एबीएस चालू. टायर सेमी-स्लिक, म्हणजे जवळपास गुळगुळीत रेसिंग टायर. नियमांप्रमाणे डिस्क आणि कॅलिपर कंपनीचेच हवेत. पॅड, ब्रेक ऑइल आणि होज यांना मोकळीक. २० मिनिटांची सत्रं. ट्रॅकवर दोन ठिकाणी १८० वरून ८० पर्यंत उतरावं लागतं, बाकीच्या वळणांना नुसता पाय टेकवला तरी भागतं.

सध्या रस्त्यावरचे सेरॅमिक पॅड आहेत. पाचव्या फेरीपासून पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. उतरवून पाहिलं तर पॅडचं तोंड काचेसारखं चकचकीत आणि कडा बोटाने चुरता येतील अशा झालेल्या.

विचारायचं ते असं. एक कंपनी लिहिते ६५० अंशांपर्यंत, दुसरी लिहिते ८००. मग ८०० वालाच घ्यावा ना? फक्त पुढचे बदलले तर चालतील का? मागचे अजून निम्मे शिल्लक आहेत. पॅडच्या कडेवर ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी अक्षरं असतात, त्यांवरून काही ठरवता येतं का? आणि त्याच पॅडवर गाडी चालवत घरी नेता येईल का?

---

कास्ट_आयर्न:

लक्षणं तुम्ही नीट लिहिलीत, त्यामुळे अर्धं काम झालं. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड संपला: त्यातली घटक बांधून ठेवणारी राळ जळून वायू सुटतोय आणि घर्षण घसरतंय. पेडल मऊ होऊन खाली जात असतं तर ब्रेक ऑइल उकळलं म्हटलं असतं. या दोन्हीला लोक सरसकट ‘ब्रेक फेड’ म्हणतात आणि मग पॅडच्या दुखण्यावर ऑइल बदलतात, ऑइलच्या दुखण्यावर पॅड. तुमचं दुखणं पॅडचं आहे. पण चांगला पॅड लावलात की तुम्ही उशिरा आणि जोरात ब्रेक लावाल, उष्णता वाढेल, आणि मग ऑइलची पाळी येईल. तेव्हा दोन्हीची तयारी एकदमच करा.

आता किती उष्णता, ते कागदावर मांडून बघा. १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर, ८० म्हणजे साधारण २२. ११५० किलोची गाडी तेवढी उतरवायची तर सुमारे ११.५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. थोडी हवा खाते, थोडी इंजिन खातं; ते सोडून द्या. तुमच्या जातीच्या गाडीत तीन चतुर्थांश भार पुढच्या चाकांवर धरला तर एकेका पुढच्या डिस्कच्या वाट्याला ४.३ लाख ज्यूल येतात, तेही तीन सेकंदांत. डिस्कचं घासलं जाणारं कडं साडेचार किलोचं धरा. बिडाच्या एका किलोला एक अंश चढवायला ५०० ज्यूलच्या आसपास लागतात. म्हणजे एका ब्रेकिंगला डिस्क १९० अंशांनी चढते. वळणाआधी ती ३५० वर असेल तर वळणात शिरताना ५४० वर. पॅड आणि डिस्क भिडतात त्या पातळ थरात याहूनही जास्त. रस्त्यावरचा पॅड साधारण ३५०-४०० च्या पुढे हात टेकतो, मग पाचव्या फेरीला तुमचं तसं होणारच.

हा झाला हिशेब. खरं तापमान मोजल्याशिवाय पॅड विकत घेऊ नका. डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात, तीन पट्टे ओढायचे: हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला पिवळा होतो, लाल ६१० ला पांढरा. कड आधी सॉल्व्हंटने पुसा, रंग पातळ लावा, पूर्ण वाळू द्या आणि एक पूर्ण सत्र नेहमीच्या वेगाने चालवा. मागच्या डिस्कलाही लावा, ते लोक विसरतात. कॅलिपरवर तापमानाची चिकटपट्टी लावा. ज्या खणाचा आकडा ओलांडला जातो तो खण काळा पडतो आणि काळाच राहतो.

पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागी) येऊन इन्फ्रारेड बंदूक रोखणाऱ्यांबद्दल काय बोलावं! शेवटच्या मोठ्या ब्रेकिंगपासून पिटपर्यंत डिस्क शे-दोनशे अंश सहज उतरलेली असते. वर चकचकीत बिडावर ती बंदूक मुळातच कमी आकडा दाखवते. डावी-उजवी तुलना करायला ठीक. पॅड निवडायला नाही.

कडेवरच्या अक्षरांचं: पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या घर्षणांकाचं (पॅड किती घट्ट पकडतो त्या आकड्याचं), दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पण ती चाचणी पॅडच्या एक इंच चौरस तुकड्यावर होते आणि ३४३ अंशांच्या पुढे जातच नाही. तुमचा खेळ तिथून पुढे सुरू होतो. ‘जीजी’ लिहिलेला पॅड ५५० ला काय करेल हे त्या अक्षरांत कुठेच नाही. दोन पॅडची अक्षरं सारखी म्हणून पॅड सारखे, असंही नाही.

---

उजवा_पाय:

एवढं गणित कशाला राव. सगळ्यात वरच्या तापमानाचा रेसिंग पॅड घ्या, प्रश्न मिटला. जास्त सोसणारा असला तर बिघडलं कुठे?

---

कास्ट_आयर्न:

@उजवा_पाय, बिघडतं. कॅटलॉगमधल्या तापमानाच्या पट्ट्याला वरचं टोक असतं तसं खालचंही असतं, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ३०० ते ८०० असा पट्टा असलेला पॅड १५० अंशांना नुसता डिस्क खरवडतो. या पॅडचं मुख्य काम डिस्कवर स्वतःचा पातळ थर चढवून त्या थरावर घासण्याचं आहे. थंड असताना तो थर चढत तर नाहीच, चढलेला असेल तर खरवडून निघतो. हलक्या गाडीला एवढा भारी पॅड लावला तर निम्मी फेरी तो जागाच होत नाही. डिस्क लवकर संपते आणि पेडल लाकडासारखं लागतं. मग चालक म्हणतो पॅड वाईट आहे. पॅड चांगला असतो, गाडी चुकीची असते.

शिवाय ‘८०० पर्यंत’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. कुणी पॅड तग धरतो तो आकडा देतं, कुणी घर्षणांक सपाट राहतो तो. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही. एकाच कंपनीचे दोन पॅड शेजारी ठेवा. तापमानाप्रमाणे घर्षणांक कसा बदलतो त्याचा आलेख मिळाला तर आकड्याकडे न बघता रेषेचा आकार बघा. २०० पासून ६०० पर्यंत जवळपास आडवी जाणारी रेषा हौशी चालकाला सोन्यासारखी. तापमानाबरोबर चढत जाणारी रेषा असेल तर त्याच पायाला पहिल्या फेरीत कमी ब्रेक मिळतो आणि आठव्या फेरीत चाक लॉक.

---

बायस_बार:

मागच्या पॅडबद्दल कुणी बोललं नाही, आणि गाडी गरकन फिरते ती तिथे.

पुढे रेसिंग पॅड, मागे रस्त्याचा पॅड. पिटमधून बाहेर पडलात, पुढचे ८० अंशांवर झोपलेले, मागचे त्याच ८० अंशांवर पूर्ण जागे. पहिल्याच वळणाला मागचं चाक आधी पकडतं. एबीएस असलं तर सावरेल, नसलं तर गाडीचं तोंड उलटं. सातव्या फेरीला चित्र पालटतं: पुढचे रंगात, मागचे तापून सुटायला लागलेले, आणि सगळा भार पुढच्या पॅडवर. म्हणजे एका सत्रात दोन वेगळ्या गाड्या चालवायच्या.

म्हणून चारही चाकांचे पॅड एकाच घराण्यातले घ्यायचे, मागे एक पायरी खालचा. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये मागची डिस्क पुढच्यापेक्षा खूप थंड चालते, त्यामुळे तिथे लवकर जागा होणारा आणि घर्षणांक थोडा कमी असलेला पॅड हवा. हॉकचा पुढे डीटीसी-६० आणि मागे डीटीसी-३०, किंवा कार्बोटेकचा पुढे एक्सपी१० आणि मागे एक्सपी८, अशा जोड्या लोक लावतात त्या याच कारणाने. कार्बोटेकच्या एक्सपी मालिकेत आकडा वाढला की पकड आणि तापमान दोन्ही वाढतात, म्हणून पायरी समजायला सोपी. फेरोडोचा डीएस२५०० रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे चालवायचा म्हणून ओळखला जातो; हलक्या गाडीच्या मागच्या चाकाला तोही चालून जातो. पॅजिडचा आरएस२९ लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठीचा. एकदम चावत नाही, एकसारखा चालतो, सोडतानाही पायाचं ऐकतो.

एबीएसचं एक लक्षात ठेवा. पहिली पकड फार तिखट असलेला पॅड आणि मध्यम पकडीचे टायर, त्यात चालकाने पेडलवर एकदम लाथ मारायची. काही गाड्यांचं एबीएस यात गोंधळतं. त्याला वाटतं गाडी बर्फावर आहे. ते दाब सोडून देतं, पेडल लाकडासारखं कडक होतं आणि गाडी सरळ पुढे जाते. हे पॅड तापून सुटल्यासारखंच वाटतं, पण पहिल्या फेरीतही होऊ शकतं, त्यावरून फरक ओळखायचा. उपाय म्हणजे कमी तिखट पॅड आणि पेडल लाथ न मारता पटकन पण चढत्या दाबाने दाबायची सवय.

पकड टायरला पेलेल एवढीच घ्यायची. चाक लॉक होण्याइतका दाब सेमी-स्लिकवर तुम्ही सहज देऊ शकत असाल, तर जास्त घर्षणांकाने गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. पेडलवरचा नाजूक ताबा मात्र जाईल. पूर्ण स्लिकवर गेलात तर गोष्ट वेगळी.

---

तिसरा_गिअर:

मंडळी, रंग लावून एक सत्र झालं. पुढे: हिरवा पूर्ण पांढरा, नारिंगी पूर्ण पिवळा, लाल जसाच्या तसा. मागे: हिरव्याचासुद्धा रंग बदललेला नाही. पुढच्या कॅलिपरच्या पट्टीवर २०० च्या पुढचा पहिला खण काळा. ब्रेक ऑइल साधं, डॉट ४ प्रतीचं, मागच्या वर्षी भरलेलं.

म्हणजे पुढे ५६० ते ६१०, मागे ४३० च्या आत. बरोबर?

---

कास्ट_आयर्न:

बरोबर. फक्त हे मेलेल्या पॅडवरचे आकडे आहेत. घर्षण सुटल्यावर तुम्ही लवकर ब्रेक लावत होतात. चांगल्या पॅडवर ५० अंश वरचे धरून चाला, म्हणजे टोक साधारण ६५०. पुढे असा पॅड शोधा ज्याची रेषा २०० च्या आसपास वर येते आणि ७०० पर्यंत टिकते. ‘८०० वाला’ लागत नाही. मागे १००-१५० ला जागा होणारा आणि ५०० पर्यंत टिकणारा पुरे.

ऑइल मात्र आजच्या आज काढा. डॉट ४ ला कोरडं असताना किमान २३० अंश उत्कलनबिंदू लागतो, पण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. तुमचं वर्षभर जुनं, त्यात कॅलिपर २०० च्या पुढे; अजून उकळलं नाही हे नशीब. रेसिंगची ऑइलं कोरडी असताना ३०० च्या वर उकळतात. ती भरा आणि दर रेसच्या आधी चारही कॅलिपरमधून थोडं थोडं सोडून ताजं घ्या. बाटली एकदा उघडली की उरलेलं पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका. डॉट ५ हे नाव ५.१ च्या जवळचं वाटतं म्हणून फसू नका: ते सिलिकॉन आहे, एबीएसच्या गाडीत घालायचं नाही आणि बाकीच्यांत मिसळायचं तर मुळीच नाही.

---

व्हर्निअर:

विकत घेताना काय बघायचं, ते मी लिहितो.

गाडीचं नाव आणि साल सांगून पॅड मागवू नका. एकाच साली एकाच गाडीत दोन प्रकारचे कॅलिपर येतात. जुना पॅड काढून त्याच्या मागच्या प्लेटवरचा आकाराचा नंबर वाचा. अमेरिकी पद्धतीत डी अक्षर आणि पुढे आकडे, युरोपी पद्धतीत डब्ल्यूव्हीएचा पाच आकडी नंबर. नंबर पुसला गेला असेल तर पॅड कागदावर ठेवून पेन्सिलने भोवती रेघ मारा आणि तीन मापं घ्या: लांबी, उंची आणि प्लेटसकट जाडी. कानांची रुंदीही लिहून ठेवा, कारण पॅड अडकतो तिथेच. पॅड झिजल्याची सूचना देणाऱ्या वायरसाठी खाच आहे का तेही बघा. रेसिंग पॅडमध्ये ती बहुधा नसते.

जाडी दोन ठिकाणी महत्त्वाची. काही आकारांत तोच पॅड दोन जाड्यांत मिळतो. जाड घेतला तर जास्त टिकतो, पण नव्या डिस्कबरोबर तो कॅलिपरमध्ये बसतोय ना, हे पिस्टन पूर्ण मागे ढकलून आधी मोजा. जबरदस्तीने बसवलेला पॅड डिस्कला सतत घासत राहतो आणि पहिल्याच सत्रात जळतो.

पॅडचा आकार मोठा म्हणजे ब्रेक जास्त, हा गैरसमज इथे बऱ्याच जणांना असतो. ब्रेकचा जोर घर्षणांक, पिस्टनचं क्षेत्रफळ, ऑइलचा दाब आणि डिस्कच्या केंद्रापासूनचं अंतर यांवर ठरतो. पॅडच्या क्षेत्रफळाचा त्यात संबंध नाही. मोठा पॅड कमी झिजतो आणि कमी तापतो, एवढंच.

नकली माल भरपूर फिरतो, नावाजलेल्या रंगाचे पॅड तर हमखास. खोक्यावरचं सील, खोक्यावरचा आणि प्लेटवरचा बॅच नंबर जुळतोय का ते बघा. चारही पॅडवर बॅच नंबर शक्यतो एकच हवा. प्लेट आणि घर्षणाचा थर यांच्यामध्ये नख जाईल अशी फट दिसली तर परत करा. तो थर प्लेटवरून सुटला तर पेडल एका झटक्यात तळाला.

दोन जोड एकदम घ्या, आणि पुढच्या डिस्कचाही एक जोड हाताशी ठेवा. रेसिंग पॅडबरोबर डिस्कही खर्ची पडते. स्वस्त पण खरवडणारा पॅड दोन डिस्क खाऊन महाग पडतो.

किती टिकेल, हे दुसऱ्या कुणाला विचारू नका. दर सत्रानंतर व्हर्निअरने प्रत्येक पॅड चार कोपऱ्यांवर मोजा आणि वहीत लिहा. घर्षणाचा थर नवा असताना ११ मिमी असेल आणि ५ ला काढायचा असेल तर तुमच्या हातात ६ मिमी. सत्राला अर्धा मिमी जात असेल तर बारा सत्रं. ५ पर्यंत थांबायचं कारण असं की थर प्लेटहून पातळ झाला की उष्णता अडवायला काही उरत नाही. ती सरळ पिस्टनमधून ऑइलमध्ये जाते. पॅडमध्ये अजून जीव आहे म्हणणारे ऑइल उकळवून घेतात. झिजेचा वेग अचानक दुप्पट झाला तर पॅड त्याच्या तापमानाच्या वर चाललाय, असं समजा.

---

उजवा_पाय:

पटलं. मग चार कोपरे कशाला, मधोमध एकदा मोजलं तर नाही चालणार?

---

व्हर्निअर:

नाही, कारण कोपऱ्यांतला फरकच दुखणं सांगतो.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर सरकत्या कॅलिपरच्या स्लाइड पिन अडकल्यात. पिन काढून साफ करा, उच्च तापमानाचं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. डिस्कची फिरती धार ज्या बाजूने पॅडमध्ये शिरते ती बाजू जास्त झिजते, हे थोडं नैसर्गिक आहे. अनेक पिस्टनच्या कॅलिपरमध्ये त्या बाजूचा पिस्टन लहान ठेवतात तो याचसाठी. वरची, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या कडेकडची बाजू जास्त झिजली तर कॅलिपर दाबाखाली उघडतोय. तुमच्या एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये हे दिसणारच, नियमांमुळे त्याला इलाज नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा फरक २ मिमीच्या पुढे गेला की पेडल लांब आणि लिबलिबीत लागायला लागतं, कारण तिरका पॅड सपाट होईपर्यंत पेडल खाली जातं. लोक हवा काढत बसतात, हवा नसतेच. डावे-उजवे पॅड एकसारखे असतील तर निम्म्या आयुष्यात त्यांची अदलाबदल करून तिरकेपणा भरून काढता येतो, फक्त पॅड पूर्ण थंड असताना.

---

बायस_बार:

‘पेडल लांब’ यात अजून एक चोर लपलेला असतो. कर्बवरून, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून, गेल्यावर पुढच्याच वळणाला पेडल खाली जातं आणि दुसऱ्या दाबाला वर येतं? ते पॅड नाही, ऑइल नाही. व्हील बेअरिंगमध्ये खेळ आहे, डिस्क डुगडुगून पिस्टन मागे ढकलतेय. बेअरिंग बदला. तोवर सरळ पट्ट्यावर डाव्या पायाने पेडल हलकंच टेकवून घ्या.

---

तिसरा_गिअर:

समजलं. पुढे डीटीसी-६०, मागे डीटीसी-३० असं ठरवतोय, आणि रेसिंग ऑइल. नवीन डिस्क घ्याव्यात की आहेत त्यांवरच बसवू? आणि घरी नेण्याचं राहिलंच.

---

कास्ट_आयर्न:

घरी न्यायचं तर ट्रॅकवर पोचून पॅड बदला आणि निघताना परत बदला. सरकत्या कॅलिपरला चाकामागे पंधरा मिनिटं. रेसिंग पॅड थंड रस्त्यावर किंचाळतात, सिग्नलला पहिल्या दाबाला कमी थांबतात, डिस्क खरवडतात. त्यांची धातूची गरम भुकटी चाकाच्या रंगात रुतते. वर पाणी पडलं तर तिथेच गंजते आणि मग धुऊन निघत नाही. घरी आल्यावर चाकं धुवायची असतील तर थंड झाल्यावर. भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

डिस्कचं. जुन्या डिस्कवर सेरॅमिकचा थर आहे. दुसऱ्या जातीचा पॅड त्यावर बसत नाही, ठिपक्याठिपक्याने चिकटतो आणि पेडल थरथरतं. मग सगळे म्हणतात डिस्क वाकली. डिस्क क्वचितच वाकते. तिच्यावर पॅडचा थर कमीजास्त जाडीने बसलेला असतो. वेळीच लक्षात आलं तर जास्त खरवडणारा पॅड लावून किंवा गार्नेटच्या कागदाने घासून तो निघतो. तसंच चालवत राहिलात तर त्या उंचवट्यांवर उष्णता साचते आणि साधारण ६५०-७०० च्या पुढे बिडाचंच रूप बदलून कठीण गाठी होतात. त्या कागदाने जात नाहीत. वरवर घासून सपाट केल्या तरी बाजूचं बिड आधी झिजतं आणि गाठ पुन्हा डोकं वर काढते.

तेव्हा नवीन डिस्क घ्या. जुन्या वापरायच्याच तर जाडी मोजा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्या जवळ आली असेल तर रेसिंगला नको. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांची जाळी चालते. भेग कडेपर्यंत पोचली असेल किंवा नखाला अडकत असेल तर डिस्क भंगारात. भोकं पाडलेल्या डिस्क नकोतच, भेगा भोकांपासून सुरू होतात.

पॅड रुळवायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, खोक्यातला कागद वाचा. ढोबळ मानाने अशी: नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. मोकळ्या ट्रॅकवर १०० वरून ५० असे सहा-सात मध्यम दाब द्या. मग १५० वरून ६० असे सहा-आठ जोरात, मध्ये थोडं थोडं अंतर ठेवून. वास येईल, पकड थोडी सुटल्यासारखी वाटेल: नव्या पॅडमधली कच्ची राळ निघतेय. त्याच्यावर अजून एक-दोन दाब, बस. मग एक पूर्ण फेरी ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता. सत्रात नेऊन हे करायचं नाही. मागून येणाऱ्याला तुमचा पॅड कधी सुटणार हे ठाऊक नसतं.

गाडी उभी करून बघा. डिस्क सगळीकडे एकसारखी राखाडी-निळसर झाली पाहिजे, पट्टे-ठिगळं नकोत. पॅडच्या बाजूला, डिस्कला लागून, दोन-तीन मिमीची फिकट राखाडी रेघ दिसली की उष्णता आत पोचली. दोन्ही पॅडवर ती सारख्या रुंदीची हवी. दोन्ही जोड एकाच दिवशी रुळवून ठेवा. दुसरा जोड पूर्ण थंड करून, खुणा करून पेटीत. कुठला पॅड डावा-आत, कुठला उजवा-बाहेर, ते प्लेटवर कोरून लिहा, मार्कर जळून जातो. कंपनीने आवाज कमी करायला प्लेटमागे लावलेले रबरी शिम काढून टाका, ते वितळून पिस्टनला चिकटतात.

---

बायस_बार:

एक भर. शेवटची फेरी ब्रेक न तापवता मारली तरी पिटमध्ये थांबल्यावर पेडलवर पाय ठेवून बसू नका. गरम पॅड जिथे टेकतो तिथे त्याचा ठसा उमटतो, आणि पुढच्या सत्रात चाकाच्या दर फेऱ्याला तो पायाखाली ठोका देतो. मागच्या डिस्कवर चालणारा हँडब्रेक असेल तर तोही ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाखाली ठोकळा लावा, आणि पाच मिनिटांनी गाडी हातभर पुढे ढकला.

---

तिसरा_गिअर:

दोन्ही जोड आणि डिस्क मागवल्या. पॅड आल्यावर मापं आणि बॅच नंबर इथे टाकतो. रुळवल्यानंतर पुन्हा तेच तीन रंग लावू, की लालच्या वरचा एखादा असतो?

---

कास्ट_आयर्न:

तेच तीन लावा. लाल पांढरा पडला तर पॅड बदलायच्या आधी हवेकडे वळा: समोरच्या बंपरमधून ७५ मिमीचा पाइप डिस्कच्या मधल्या पोकळीत, नुसता कॅलिपरवर नाही. नियमात बसतं का ते मात्र आधी वाचा.